दाराशी ठेवलेली बादली

सगुणा,

मी आत्ता शांताच्या ओट्यावर बसले आहे. माझ्या पाठीशी तिच्या खोलीचं दार आहे, आतून कडी लावलेलं. दाराच्या डाव्या अंगाला पाण्याची बादली, तिच्यावर पालथा तांब्या आणि शेजारी विटेवर तांबड्या कार्बॉलिक साबणाची वडी. चौकटीला कडुलिंबाचा डहाळा खोचलेला आहे. तो मी खोचला. होय, मीच. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस, आणि मी डोळे वटारले असते. शांताला परवा मुलगा झाला. आज तिसरा दिवस. तिसरा दिवस म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको.

तुला जाऊन सव्वीस दिवस झाले. मागच्या रविवारी देवळात तुझ्या नावानं प्रार्थना झाली. पाळकसाहेब तुझ्याबद्दल बोलले. सोशीक, मितभाषी, आज्ञाधारक, ख्रिस्ती गृहिणीचा नमुना. मी पुढच्या बाकावर बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ही कुठली बाई? मितभाषी म्हणे! तू आल्यापासून आमच्या घरातल्या कोंबड्यांनाही कुणीतरी उत्तर देतंय याची सवय लागली होती. त्यातली एक पांढरीशुभ्र, सारखी टोचत हिंडणारी होती, तिचं नाव तू मडमबाई ठेवलंस. खरी मडमबाई, मिशनची गोरी बाई, घरी आली त्या दिवशी नेमकी तीच तिच्या बुटावर चढली, आणि तू आतून ओरडलीस, "मडमबाई, खाली उतर की, लई माजलीयास!" मडमबाईंना मराठी चांगलं येतं हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. आता वाटतं, आठ दिवस! केवढी उधळपट्टी केली मी.

आज्ञाधारक तर तू मुळीच नव्हतीस. भाकरी हातावर थापू नकोस, परातीत थाप म्हटलं की तू हातावरच थापायचीस. दुपारी वाचायला बस म्हटलं की तुला नेमकं शेंगा सोलायचं सुचायचं. तीन वर्षांत तू माझं मोठं असं एकच ऐकलंस. बाळंतपणाला आईकडे मंगळवेढ्याला जायचं सोडून तू सोलापुरात राहिलीस. आणि तू मला एकच मोठी गोष्ट सांगायला आलीस, ती मी ऐकली नाही. देवळात हे कुणाला ठाऊक नव्हतं. मी प्रार्थनेत 'आमेन' म्हटलं आणि घरी आले.

माझं घर कसं होतं ते तू पाहिलंस. आई गेली तेव्हा दाविद पाच वर्षांचा. मी त्याची थोरली बहीण, लग्न होऊन चार वर्षांत विधवा होऊन परत आलेली. त्याला मी वाढवलं, शाळेत मास्तर केलं, आणि त्याच्यासाठी तुला पाहायला मंगळवेढ्याला गेले तेव्हा मनात जरा नाक मुरडूनच गेले. आम्ही शहरातले जुने ख्रिस्ती. आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतलेला. तुमच्या घराला देव भेटला तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. तुझी आई अजून कपाळावर हात नेऊन कुंकू पुसल्याची खूण चाचपते, हे मी पहिल्याच भेटीत पाहिलं. परत येताना मोटारीत मी दाविदला म्हणाले, "मुलगी चांगली आहे, पण घडवावी लागेल."

घडवणं हा माझा धंदाच. दर गुरुवारी देवळाच्या पडवीत मी मातासभा घेते, म्हणजे घेत होते. फळ्यावर खडूनं लिहून सांगायची. दूध उकळा, पाणी गाळा, पोराच्या डोळ्यात काजळ घालू नका. बाळंतपणाची तयारी महिनाभर आधी करा. आणि सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरात, 'हात'. बाळंतिणीला हात लावण्याआधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवा. हे मी मडमबाईंकडून शिकले आणि देवळाच्या मंडळीतल्या दोन-अडीचशे बायांना शिकवलं. मंडळीत बोलायचेच, मार्थाबाईंचा हात लागला की बाळंतीण सुखरूप सुटते. ऐकून मी मान खाली घालायची, पण कान उघडे ठेवून.

साबणाइतकीच मला दुसऱ्या एका गोष्टीची घमेंड होती, आणि ती मी फळ्यावर लिहीत नसे, तोंडानं सांगत असे. आपल्यात सोयर नाही, सुतक नाही, विटाळ नाही. आपण बाळंतिणीला दहा दिवस कोपऱ्यात कोंडून दार लावत नाही. मयताच्या घरून आलेल्या माणसाला अंगणात उभं करून त्याच्या डोक्यावर घागर ओतत नाही. आपलं दार उघडं, आपलं मन उघडं. हे बोलताना माझा आवाज चढायचा, आणि शेवटच्या रांगेत बसलेली तू खाली बघून चटईची काडी उपटत राहायचीस.

तुझी एक सवय मला फार खटकायची. बाहेरून आलीस की उंबऱ्यापाशी थांबून आधी हातपाय धुवायचीस. बाजारातून ये, देवळातून ये, शेजारच्या मयतीला जाऊन ये, तांब्याभर पाणी पायावर घेतल्याशिवाय आत यायची नाहीस. मयतीहून आलीस तर केसावरून पाणी. उन्हाळ्यात आपल्या नळाची धार करंगळीएवढी, आणि तू पाणी वाया घालवतेस म्हणून मी कातावायची. "हे काय जुनं घेऊन बसलीस? देव मनाची शुद्धी बघतो." तू म्हणायचीस, "बघू दे की. पाय तर माजेच हायत."

मला हिवताप आला होता, आठवतं? आठ दिवस तू माझ्या उशाशी होतीस. मला पेज भरवायचीस, मग हात धुवायचीस, मग चुलीकडे जायचीस. परत यायचीस, पुन्हा धुवायचीस. मी तापात बडबडले, "ही बाई पाण्यात विरघळेल." बरी झाल्यावर मी तुझे आभार मानले नाहीत. पाटीवर धडा घातला. त्या दिवशी तू स्वतःच्या मनानं पहिलं वाक्य लिहिलंस. 'वन्सं रागीट हायत पण बर्‍या हायत.' मी 'हायत' खोडून 'आहेत' केलं आणि पुन्हा लिहून आण म्हणाले. तू पाटी पुसलीस. ती पाटी पुसू दिली याचा मला आता इतका राग येतो, की काल मी ती नुसती हातात घेऊन बसले होते.

तुला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा घरात आनंद झाला, आणि दुसऱ्या आठवड्यापासूनच आपला वाद सुरू झाला. पहिलं बाळंतपण माहेरी, असं तू धरून बसलीस. मी म्हणाले, मंगळवेढ्याला डॉक्टरीण आहे का? सुईण कुठली तरी, हात मातीचे, नाळ कापायला विळा. इथं जनानी दवाखाना आहे, मी आहे. दाविद मध्ये पडेना. तू त्याच्याकडे बघितलंस, त्यानं वर्तमानपत्र उघडलं. शेवटी तू मला म्हणालीस, "वन्सं, मला आईजवळ जाऊ द्या. तितं कुनी आत येत न्हाय. दार लावलं की लावलं." मी म्हणाले, "आणि म्हणूनच जायचं नाही." तू नंतर विषय काढला नाहीस. तू कबूल झालीस असं मी समजले, आणि तुझ्या आईला कळवलं, तुम्हीच या.

तयारी मात्र मी अशी केली की सोलापुरात कुणाच्या लेकीसुनेची झाली नसेल. डिंक, खारीक, अळीव, सुंठ, बाळंतशेपा, सगळं निवडून, वाळवून डब्यात. बाजेला नवी सुतळी. शेगडीसाठी कोळसे. जुनी मऊ लुगडी फाडून, उकळून, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून त्यांच्या घड्या. पोटपट्टीसाठी आणि बाळाच्या झबल्यांसाठी नवा मांजरपाट आणला. सगळं पत्र्याच्या ट्रंकेत, वर स्वच्छ चादर. तू दारात उभी राहून बघत होतीस. पोट पुढं, हात कमरेवर. म्हणालीस, "वन्सं, एवढी पांढरी कापडं! बाळंतपनाचीच तयारी हाय नव्हं?"

मी म्हणाले, "शुभ बोल." तू हसलीस. मी ट्रंक बंद केली, तरी ते वाक्य आतच राहिलं असं मला वाटत राहिलं. मी शकुनाबिकुनावर विश्वास ठेवत नाही. पण त्या रात्री मी ती ट्रंक खाटेखालून काढून दुसऱ्या भिंतीला नेऊन ठेवली, हे तुला ठाऊक नाही.

तुझी आई आली ती शेळी घेऊन. मोटारवाला शेळी घेईना म्हणून दोन दिवस बैलगाडीनं आली. तिच्या बोचक्यात ज्वारीच्या कण्या, लसणाची चटणी आणि कडुलिंबाचे डहाळे. आल्या आल्या तिनं खोली बघितली, बाज बघितली, ट्रंक बघितली आणि मान डोलावली. "लई चांगलं केलंय विहीनबाई. आता दहा दिस दार तेवढं लावून घ्या. कुनाला आत सोडू नगा. येनाऱ्याला आदी इचारा, कुटनं आला." मी हसून म्हणाले, "विहीणबाई, आपण आता प्रभूच्या घरातले. आपल्याकडे विटाळ नसतो." ती गप्प झाली. मोठ्या घरात लेक दिलेली बाई गप्प बसते तशी.

तू सुटलीस ती सुखरूप. मी हात धुतले होते, दोनदा, कोपरापर्यंत, डॉक्टरीणबाईंच्या परिचारिकेसमोर. मुलगी. नाक तुझं, रडणं माझं, असं तूच म्हणालीस. तुझ्या आईनं दाराला डहाळा खोचला आणि खाली पाण्याचं भांडं ठेवलं. मी तासाभरानं येऊन डहाळा काढला आणि भांडं उचलून न्हाणीत नेलं. तुझी आई चुलीपाशी होती, तिनं पाहिलं. तूही पाहिलंस. मी म्हणाले, "दुपारी सभेच्या बाया गीत म्हणायला येतील, दाराला हे कसं दिसेल?"

आता मी ते लिहिणार आहे. हे मी तुझ्याशी बोलते आहे म्हणून लिहू शकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस्तरबाई गेल्या. पलीकडच्या गल्लीतल्या. त्यांच्या पाठीवरचं गळू चिघळलं होतं, पंधरा दिवस ताप होता. मंडळीतल्या कुठल्याही बाईला शेवटची न्हाऊ घालायची तर मला बोलावतात. मी गेले. पाठ धुतली, जखमेवरचं कापड सुटेना ते ओलं करून सोडवलं, पांढरी साडी नेसवली. त्या घरी पाणी अपुरं होतं. जे होतं ते एस्तरबाईंना लागलं. मी हात खळखळून धुतले असं म्हणावंसं वाटतं, पण मी ते तांब्याच्या उरल्या पाण्यात बुचकळले आणि पदराला पुसले. पुरायला मसणवट्यात गेले. तिथून ऊन डोक्यावर घेत घरी आले, आणि तशीच तुझ्या खोलीत शिरले. तुझी कापडं बदलायची वेळ झाली होती.

तू बाळाला पाजत होतीस. माझ्याकडे बघून म्हणालीस, "वन्सं, कुटनं आलात?"

"एस्तरबाईंना पोचवून."

"त्यास्नी तुमीच न्हाऊ घातलं?"

"मग कोण घालणार?"

तू बाळाला बाजूला घेतलंस. तुझा आवाज अगदी हळू होता. "आंघोळ करून या की. मी थांबते."

सगुणा, तू जर म्हणाली असतीस, वन्सं, साबणानं हात धुवा, तर मी जीभ चावून उलटपावली परत गेले असते. तो धडा तर माझाच होता. पण तू म्हणालीस आंघोळ. मला त्यात सुतक ऐकू आलं. सभेतली माझी सगळी भाषणं माझ्या नरड्यात आली. आपल्याच घरात, आपल्याच भावजयीनं आपल्याला अपवित्र म्हणावं! रांजणात दोनच घागरी पाणी होतं हेही खरं, पण ते मी नंतर स्वतःला सांगितलेलं खरं. मी म्हणाले, "मंगळवेढा अजून तुझ्या डोक्यातनं निघालेलं नाही." आणि बाह्या सारल्या. तुझं रक्ताचं कापड काढलं, नवं ठेवलं, पोट चेपलं, पट्टी बांधली. घड्या माझ्याच इस्त्रीच्या होत्या, शुभ्र. तू भिंतीकडे तोंड केलंस. बांधून झाल्यावर मी विचारलं, "घट्ट झाली का?" तू उत्तर दिलं नाहीस. तू माझ्यावर रुसलीस असं मला वाटलं. संध्याकाळी तुला गूळ घालून अळिवाची खीर केली, की राग जाईल. तू चार चमचे खाल्लेस आणि म्हणालीस, "वन्सं, तुमी बसा की जरा." मला सभेला जायचं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गिरणीचा तीनचा भोंगा झाला आणि तू म्हणालीस, थंडी वाजते. बाहेर फुफाटा. मी तीन गोधड्या घातल्या, बाजेखाली शेगडी सरकवली, तरी बाज तुझ्यासकट हलत होती. मला त्या वेळी कळलं. डॉक्टरीणबाई तर संध्याकाळी आल्या. त्यांनी बोलायच्या आधी, शेगडीत फुंकर मारता मारता मला कळलं, आणि मी फुंकत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी पोट बघितलं, कापडं बघितली. कापडांची तारीफ केली. मग विचारलं, "हिला हात कुणी कुणी लावला? त्याआधी ती बाई कुठं होती? हा ताप वाऱ्यानं येत नाही, हातानं येतो." खोलीत तुझी आई होती, दाविद दारात होता. मी म्हणाले, "घरच्यांनीच लावला, बाई." खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. तू डोळे उघडून माझ्याकडे बघितलंस. तुझ्या तोंडून एक शब्द निघाला असता तर संपलंच होतं. तू काही बोलली नाहीस. तू मला पाठीशी घातलंस, की तुझ्यात बोलायचं त्राणच नव्हतं, हे मला कळलेलं नाही, आणि आता कधीच कळणार नाही.

पुढचे दिवस मी लिहीत नाही. बाळ नऊ दिवसांचं झालं त्या सकाळी तू गेलीस. ट्रंकेतला मांजरपाट उरला होता. तो तुला लागला.

तुझ्या आईनं मला तुला न्हाऊ घालू दिलं नाही. "म्या घालते," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून बाळ तिच्याकडेच आहे. शेळीचं दूध पाणी घालून उकळते, बोंडल्यानं पाजते, बोंडलं पुन्हा उकळते. मी बाहेरून आले की ती उठते आणि उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या ठेवते. शेजारी साबण. आणि मी हात धुईपर्यंत बाळावर पदर घेऊन बसते. मी धुवायची. मग बाळाकडे हात पसरायची, तर ती म्हणायची, "निजलीय आत्ताच." ती टक्क जागी असायची, सगुणा. तुझे डोळे घेऊन माझ्याकडे बघत असायची.

असे वीस दिवस गेले. मी गुरुवारची सभा घेतली नाही, डोकं दुखतं म्हणाले. रोज ठरवायची की आज सांगते. रोज दाविद शाळेतून यायचा, बाळाजवळ पाच मिनिटं बसायचा, तुझ्या बाजेची सुतळी बोटानं चाचपायचा. मी उठून चूल पेटवायची. त्याला आई नाही, बायको नाही. आता बहीणही काढून घेऊ का? अशी मी स्वतःची समजूत घालत होते, आणि ती समजूत खोटी आहे हेही मला माहीत होतं. मला माझीच भीती वाटत होती. सभेतल्या बाया काय म्हणतील याची भीती. तू गेलीस तरी माझी खुर्ची जायला नको होती मला.

एकविसाव्या दिवशी सकाळी शांताचा नवरा आला. दाविदच्याच शाळेतला मास्तर. शांताचे दिवस भरत आलेले, तिची तयारी मीच करून दिलेली, ट्रंकेतल्या घड्या माझ्याच. तो अंगणातूनच म्हणाला, "मार्थाआक्का, केव्हाही गरज लागेल. तुम्ही राहायलाच चला. तुमचा हात लागला की आम्हाला घोर नाही." दाविद शेळीला पाला टाकत होता. तो म्हणाला, "जा गं आक्का. तेवढंच मन रमेल." तुझी आई बाळाला मांडीवर घेऊन दारात बसली होती.  तिनं फक्त मान वर केली आणि माझ्या हातांकडे बघितलं.

मी म्हणाले, "मी शांताला हात लावणार नाही." आणि सगळं सांगितलं. एस्तरबाई, जखमेवरचं कापड, पदर, तू काय म्हणालीस, मी काय म्हणाले. अंगणात उभ्या उभ्या सांगितलं, शांताच्या नवऱ्यासमोर. नाहीतर मी त्यातलं अर्धं गिळलं असतं.

दाविदनं पाल्याची पेंढी खाली ठेवली. "तिनं तुला सांगितलं होतं?"

"हो."

"आंघोळ कर म्हणाली होती?"

"हो."

"आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा?"

 तो घरात गेला, टोपी घातली, वह्यांची पिशवी घेतली आणि शाळेत गेला. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. ताट स्वतः वाढून घेतो, स्वतः घासून ठेवतो. मी त्याला दोष देत नाही. पाच वर्षांच्या दाविदला मी दोन्ही हातांनी वाढवलं होतं, आणि आता तो त्याच हातांकडे बघत नाही.

शांताचा नवरा गेल्यावर तुझी आई बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणानं. "मला ठावं व्हतं. चुलीपाशी समदं ऐकू आलं मला." मग बाळाला थोपटत म्हणाली, "म्याच तिला सांगितलं व्हतं, वन्संला इचार, कुटनं आल्या म्हून. मला धाडस न्हाय झालं. तुमी शिकलेल्या बाया. म्या हितं बसले, कन्या ढवळत. उटून दार अडवलं असतं तर तुमी मला काय खाल्लं असतं व्हय?"

सगुणा, तिच्या डोळ्यात माझ्याविषयी राग असता तर मला सोसलं असतं. तिच्या डोळ्यात स्वतःविषयीच राग होता. मी तिच्या पायाशी बसले. आम्ही दोघी रडलो, पण वेगवेगळ्या. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "जावा तितं. आत जाऊ नगा. भाईर बसा. दार धरा. माज्या लेकीचं न्हाय धरलं कुनी."

त्याच दिवशी मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही अजून कुठल्या बाळंतिणीच्या खोलीत गेलात का?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "जाऊ नका. मी सांगेपर्यंत नाही." आणि पुढच्या रोगी बाईला आत बोलावलं.

म्हणून मी इथं आहे. आत शांताची आई आहे आणि दवाखान्याची परिचारिका येऊन जाते. मी ओट्यावर. शांताच्या सासूला मी वेडी झाले असं वाटतं. पहिल्या दिवशी सभेच्या सहाजणी गीत म्हणायला आल्या, त्यांना मी अंगणात उभं करून म्हणायला लावलं. ऊन होतं, दोनच कडवी म्हणून गेल्या. बातमी सगळीकडे झाली आहे. काहीजणी माझ्याकडे बघत नाहीत, काहीजणी फारच बघतात. कुणीतरी गुरुवारची सभा दुसऱ्या बाईकडे दिली आहे. बरं झालं. फळ्यावरचा तो पहिला शब्द तिनं पुसू नये, एवढंच मला वाटतं.

मघाशी पाळकबाई आल्या. हातात लाडवांचा डबा. त्यांना थांबवायचं म्हणजे मला घाम फुटला. पण मी उठून दारात उभी राहिले.

"पाळकबाई, कुठून आलात?"

"दवाखान्यातून. आजाऱ्यांना भेटून." त्या हसल्या. "का हो?"

"आंघोळ करून या की. मी थांबते."

माझ्या तोंडून असं निघेल हे मला माहीत नव्हतं. तुझे शब्द, तुझ्या आवाजात. त्यांचं हसू गेलं. "मार्थाबाई! आपल्यात विटाळ कधीपासून आला? हे मंगळवेढ्याचं कुठून शिकलात तुम्ही?"

"माझ्या भावजयीकडून," मी म्हणाले, आणि बादलीकडे बोट दाखवलं.

त्यांनी डबा ओट्यावर ठेवला आणि निघून गेल्या. रविवारी यावर काय बोललं जाईल ते मला आत्ताच ऐकू येतंय. बोलू देत.

तुझ्या मुलीचं नाव ठरलं, हेही सांगायचं राहिलं. तुला तुझ्या आजीचं नाव हवं होतं, हिरा. मी म्हणाले होते, बाप्तिस्मा न झालेल्या बाईचं नाव देवळात कसं घ्यायचं? तो वाद आपण ट्रंकेवर बसून तीन दुपारी घातला. काल घरी गेले तेव्हा तुझ्या आईनं पहिल्यांदा तिला माझ्या हातात दिलं. आधी तांब्या ठेवला, साबण ठेवला, मी धुवेपर्यंत उभी राहिली. मग दिलं. मी तिला हिरा म्हणून हाक मारली. तुझ्या आईनं ऐकलं आणि शेळीला पाणी दाखवायला गेली.

मी दर थोड्या वेळानं खिडकीशी जाऊन विचारते, अंग कसं आहे? शांताची आई आतून म्हणते, बरं आहे. आता ती वैतागली आहे, पण उत्तर देते. ऊन तुझ्या त्या दिवसासारखंच आहे, वारा पडला आहे, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आत बाळ जरा रडलं आणि थांबलं. पुन्हा विचारायला हवं, पण माझे पाय उठत नाहीत. तीनचा भोंगा अजून व्हायचा आहे. मी बादली पुन्हा भरून ठेवली आहे.

तुझी वन्सं,
मार्था